खरं सांगा, तुम्हाला औषधांची माहिती मिळते कुठून? (मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, सगळ्यांनीच लिहा)

चुरगळलेला_ॲप्रन

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींवर प्रतिसाद देण्यापुरती येते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

सध्या इंटर्नशिप चालू आहे. पीएसएमची (सामाजिक वैद्यकशास्त्राची) पोस्टिंग, तालुक्याच्या गावापासून बरंच आत असलेलं प्राथमिक आरोग्य केंद्र. गेल्या मंगळवारी बाजाराचा दिवस, ओपीडीत पाय ठेवायला जागा नाही. त्यात एक आजी आल्या. घामाने डबडबलेल्या, हात थरथरत होते, "डोस्कं हलकं झालंय बाई" म्हणाल्या. साखर तपासली तर ५२. शुद्धीवर होत्या म्हणून साखरपाणी दिलं, बाकावर झोपवलं. पाऊण तासाने आजी माझ्या लग्नाची चौकशी करायला लागल्या, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मग विचारलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत? आजींनी कापडी पिशवी टेबलावर उलटी केली. सहा पट्ट्या. मी मोबाइल काढला आणि एकेक नाव टाकायला लागले. रेंजची एकच दांडी, पान काही उघडेना. आमचे औषधनिर्माण अधिकारी (सगळं केंद्र त्यांना अण्णा म्हणतं) खिडकीतून बघत होते. बाहेर आले, त्या ढिगातून दोन पट्ट्या उचलल्या, उलट्या केल्या आणि माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींच्या पाठीवर बारीक अक्षरात एकच मजकूर: ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, दोन्ही मधुमेहाची. एक पट्टी गावातल्या डॉक्टरांची, दुसरी मुलाने शहरात दाखवून आणली तेव्हाची. पुढच्या बाजूला नावं अशी की एकाचा दुसऱ्याशी काही संबंध असेल असं वाटूच नये. आजी दोन्ही घेत होत्या, अगदी इमानेइतबारे. आणि आदल्या दिवशी उपास होता.

आता गंमत बघा. ग्लिमेपिराइड काम कसं करतं हे मला झोपेतून उठवून विचारा. बीटा पेशी, पोटॅशियमची दारं, सगळं आकृतीसकट सांगीन. पण पट्टी उलटी करून बघायची हे साडेचार वर्षांत मला कुणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही. पुस्तकात औषध आपल्या गटात राहतं, सरकारी कपाटात मूळ नावाने, आणि पेशंटच्या पिशवीत कंपनीने ठेवलेल्या नावाने. एकाच माणसाची तीन गावांत तीन नावं असावीत तसं.

त्या रात्री बसून मी प्रामाणिकपणे यादी केली, मला औषधांबद्दल जे काही येतं ते कुठून आलं याची. परीक्षेपुरतं केडीटी (त्रिपाठींचं औषधशास्त्राचं पुस्तक), तेही निम्मं सीनियरच्या नोट्समधून. कोचिंगच्या ॲपवरचे व्हिडिओ. टेलिग्रामवरच्या पीडीएफ (सांगायला लाज वाटते, पण आहेत). वॉर्डात रेसिडेंट लिहायचा ते बघून. डोस सिस्टरला विचारून. आणि ब्रँडचं नाव आलं की औषधं घरपोच देणारं ॲप उघडून. हे शेवटचं सगळ्यात जास्त! दुकानाचा कॅटलॉग हा माझा संदर्भग्रंथ झालाय.

तुमचं काय? व्हायवात द्यायचं उत्तर नको, खरं सांगा.

रुमालवाला

रुमाल टाकून ठेवतो. विषय जिव्हाळ्याचा आहे. आजी आता बऱ्या आहेत ना?

चुरगळलेला_ॲप्रन

हो, एक पट्टी बंद केली, मुलाशी फोनवर बोलले. पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय.

ट्रॉलीवाली_सिस्टर

ॲप्रनबाई, डोस सिस्टरला विचारून असं लिहिलंस, बरं वाटलं. लोक विचारतात पण लिहीत नाहीत.

मी एकवीस वर्षं वॉर्डात होते, आता नर्सिंग कॉलेजला शिकवते. आमच्या मुलींना प्रत्येक पोस्टिंगला ड्रग फाइल लिहावी लागते. औषधाचं नाव, गट, मात्रा, दुष्परिणाम, नर्सची जबाबदारी असे रकाने. मी सांगते त्या फाइली कशा तयार होतात. पहिल्या बॅचच्या कुणा हुशार मुलीने पुस्तकातून लिहिली असणार. त्यानंतर प्रत्येक बॅचने मागच्या बॅचची उतरवली. एका वर्षी एका फाइलीत फ्युरोसेमाइडच्या पुढे "पोटॅशियम वाढते" असं सापडलं. कमी होतं, वाढत नाही. मागच्या चार वर्षांच्या फाइली काढून बघितल्या तर तीच चूक त्याच शाईच्या रंगात. निळ्या पेनाने मथळा, त्याखाली लाल रेघ, सगळं तसंच.

आणि वॉर्डात मुली शिकतात कुठून? औषधाच्या ट्रॉलीला आतून चिकटवलेला डायल्यूशनचा तक्ता असतो ना, त्यावरून. कोणतं इंजेक्शन कशात विरघळवायचं, किती मिलीत, किती वेळात. तो तक्ता कुणी लिहिला, कधी लिहिला, कुणालाच माहीत नसतं. सेलोटेप पिवळी पडलेली असते. पण तो चुकला तर काय होतं? फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये घातलं की बाटलीत स्फटिक धरतात, ते सलाइनमध्येच द्यायचं. सेफ्ट्रिॲक्सोन आणि रिंगर लॅक्टेट एकत्र नाही, त्यात कॅल्शियम असतं. हे मी पुस्तकात नंतर वाचलं. आधी मला इन्चार्ज बाईंनी हातावर फटका मारून शिकवलं होतं.

एक गंमत नेहमी बघते. एमबीबीएसच्या पोरांना विचारा, व्हँकोमायसिनने काय होतं? सगळे एका सुरात: अंग लाल होतं! एमसीक्यू पाठ असतो. मग विचारा, किती वेळात द्यायचं म्हणजे ते होणार नाही? शांतता. मिनिटाला १० मिलिग्रॅमच्या पुढे जायचं नाही, म्हणजे १ ग्रॅमला शंभर मिनिटं. हे सांगणारी बाई ट्रॉलीजवळ उभी असते.

मिरज_पॅसेंजर

सिस्टर, शंभर मिनिटांचं लिहून घेतलं. आमच्यात एका रेसिडेंटने अर्ध्या तासात सोडायला लावलं होतं आणि पेशंट टोमॅटो झाला होता.

थर्ड इयरचा विद्यार्थी. प्रामाणिक उत्तर: चॅटबॉट. काहीही विचारा, सोप्या भाषेत सांगतो, आणि "एवढं पण येत नाही का" असं म्हणत नाही. रेसिडेंट म्हणतो.

खल_बत्ता

मी मेडिकल कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवतो, त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यात मीच आहे असं धरून लिहितो.

पहिलं चॅटबॉटचं. परवा वर्गातच मुलांना गृहपाठ दिला. घरातली कुठलीही एक पट्टी घ्या, ब्रँडचं नाव चॅटबॉटला द्या, घटक विचारा आणि पट्टीच्या पाठीशी ताडून बघा. मोठमोठ्या ब्रँडची उत्तरं बरोबर आली. गावाकडच्या छोट्या कंपन्यांच्या नावांवर मात्र त्याने ठामपणे काहीच्या काही ठोकून दिलं. एका मुलीच्या आजोबांची गोळी रक्तदाबाची होती, यंत्राने ती ॲलर्जीची केली. "मला माहीत नाही" असं म्हणायला तो अजून शिकायचा आहे. (आमच्या खात्यातले काही जणही.)

दुसरं, अभ्यासक्रमाचं. २०१९ पासून एमबीबीएसचा जो नवा अभ्यासक्रम आला त्यात हे सगळं आहे, बरं का. औषध कंपनीच्या प्रचारसाहित्याची चिकित्सा करणं, एमआरकडून (कंपनीच्या प्रतिनिधीकडून) खरी माहिती कशी काढून घ्यावी, एखाद्या केंद्रासाठी आवश्यक औषधांची यादी बनवणं, पेशंटला औषध कसं घ्यायचं ते समजावून सांगणं. कागदावर उत्तम. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या पुस्तिकेतली पी-ड्रगची कल्पनाही शिकवतो: आजार एक, त्यासाठी चार औषधं समोर मांडा, परिणाम, सुरक्षितता, या पेशंटला चालेल का आणि खर्च किती हे बघून आपलं एक औषध ठरवा. होतं काय? दीडशे-दोनशे मुलं, दोन तासांचं प्रॅक्टिकल, आणि शेवटी जर्नलमध्ये सगळ्यांचं "स्वतःचं" औषध एकच. सिस्टरांच्या ड्रग फाइलीसारखंच.

मी एक मात्र करतो. मुलांना सांगतो, घरात किंवा ओळखीत कुणाचा दवाखाना असेल तर तिथल्या रद्दीतून कंपनीचं एखादं चकचकीत पत्रक घेऊन या. मग ते वर्गात लावतो. पहिलं पत्रक लावलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे तर आमच्या पप्पांचं आवडतं औषध आहे." त्या दिवशी तास रंगला.

आणि ॲप्रन, आजींच्या बाबतीत प्रतिकूल परिणामाचा फॉर्म भरलास का?

चुरगळलेला_ॲप्रन

सर, नाही. फॉर्म असतो हे पुस्तकात होतं. पीएचसीत तो कुठे असतो हे नव्हतं.

खल_बत्ता

बरोबर बोललीस, मला लागलं. २०१० पासून देशभराचा औषध-दक्षता कार्यक्रम चालू आहे, त्याचं केंद्र आता गाझियाबादला, इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये. फॉर्म त्यांच्या संकेतस्थळावर मिळतो आणि फोनही करता येतो: १८००-१८०-३०२४, पैसे पडत नाहीत. डॉक्टरच पाहिजे असं नाही, नर्स, फार्मासिस्ट, स्वतः पेशंटसुद्धा कळवू शकतो. तुझ्या मूळ कॉलेजात नोंदणी केंद्र असेल तर आमच्यासारखाच कुणीतरी तिथे फॉर्मची वाट बघत बसलेला असेल.

बॅगवाला_निवृत्त

पत्रकांचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी अठरा वर्षं एमआर होतो. रसायनशास्त्रात बीएस्सी, नोकरी लागली, एका हॉटेलात तीन आठवडे ट्रेनिंग आणि चौथ्या आठवड्यात मी एमडी डॉक्टरांना हृदयाचं औषध समजावून सांगत होतो! विचार करा.

ट्रेनिंगमध्ये औषध कमी, वाक्यं जास्त. डॉक्टर "दुष्परिणाम?" म्हणाला की काय बोलायचं, "महाग आहे" म्हणाला की काय, "मी दुसरं लिहितो" म्हणाला की काय, याची वेगवेगळी पानं पाठ करून घ्यायचे. रात्री एकमेकांवर तालीम. एक डॉक्टर व्हायचा, एक एमआर.

व्हिज्युअल एडची (डॉक्टरांना दाखवायच्या चित्रांच्या पानांची) करामत सांगतो, सरांनी वर्गात दाखवावी. दोन खांबांचा आलेख. आमचा खांब दुप्पट उंच, शेजारचा बुटका. नीट बघितलं तर डावीकडची रेघ शून्यापासून सुरूच होत नाही, सत्तरपासून सुरू होते. म्हणजे एकाचे ७८ आणि दुसऱ्याचे ७४, फरक चारचा. पण डोळ्याला दिसतं दुप्पट. खाली मुंगीएवढ्या अक्षरात संदर्भ. कधी त्यात "डेटा ऑन फाइल" एवढंच. म्हणजे फाइल आमच्याकडेच, तुम्ही बघू नका. आणि "धोका निम्म्यावर" लिहिलेलं असतं तिथे विचारायचं, किती जणांत? हजारात दोघांचा एक झाला तरी निम्माच होतो.

अठरा वर्षांत एकच सर्जन भेटले, ते मला खुर्चीवर बसवायच्या आधी विचारायचे, "हे कुणाला देऊ नये ते आधी सांग, मग बाकीचं." पहिल्यांदा तोंडाला कोरड पडली. पुढच्या खेपेपासून मी त्यांच्यासाठी घरी वाचून जायचो. खरं शिक्षण मला त्या माणसाने दिलं, पगार कंपनीने.

इंटर्नकडे आम्ही फार वेळ घालवायचो नाही. पेन, पॅड, बस. पण लक्ष असायचं. आज पेन हातात, तीन वर्षांनी स्वतःचा दवाखाना. पोरांना ब्रँडची नावं आमच्या पॅडवरून पाठ होतात हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. आता २०२४ च्या मार्चमध्ये सरकारने नवी आचारसंहिता काढली. भेटवस्तू बंद, आठवण म्हणून दिलेली वस्तू हजार रुपयांच्या आतली, सॅम्पललाही मर्यादा. कितपत पाळतात ते सध्या फिरणाऱ्या पोरांनी सांगावं.

खल_बत्ता

बॅगवाले, दंडवत. एक तास घ्यायला याल का आमच्याकडे? चहा कॉलेजचा, पेन मात्र मिळणार नाही.

बॅगवाला_निवृत्त

येतो की. या वेळी खुर्ची तुमच्या आधी मी मागणार.

काउंटरमागचा

डी.फार्म झालोय, सध्या मेडिकलात. इथे सगळे डॉक्टर-डॉक्टर चाललंय म्हणून आमचा पण आवाज.

आम्हाला कॉलेजात कच्चा माल, गोळी कशी दाबतात, हे सगळं शिकवलं. दुकानात पहिल्या दिवशी मालक म्हणाला, "ते विसर. आधी शेपट्या शिक." ब्रँडच्या नावापुढची अक्षरं ओ. ती ज्याला आली तो फार्मासिस्ट.

एएम म्हणजे आत ॲम्लोडिपिन. एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड. सीटी दिसलं की क्लोरथॅलिडोन. एलसी म्हणजे लेव्होसेट्रिझिन. एसपीमध्ये पॅरासिटामॉल आणि सेरॅशिओपेप्टिडेज. डीएसआर म्हणजे डॉम्पेरिडोन, हळूहळू सुटणारं. ओझेड म्हणजे ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोल. हे कुठल्याच पुस्तकात नाही आणि कुठला नियमही नाही. कंपनीच्या मनात येईल ते.

आता खरा घोळ बघा. पित्ताच्या गोळीपुढे डी असला तर डॉम्पेरिडोन. डोळ्यांच्या अँटिबायोटिक थेंबांपुढे डी असला तर बहुतेक वेळा डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड! गिऱ्हाईक येतं, "ते मॉक्सीचे थेंब द्या, मागच्या वेळी डीवाले होते." डोळा लाल कशाने झालाय ते न बघता स्टेरॉइड घातलं आणि आत विषाणूची जखम असली तर बुबुळ जाऊ शकतं. मी देत नाही. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं.

लहान पोरांचं पॅरासिटामॉल तर रोजचंच. ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम. सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५. डबलवाल्यात २५०. दहा किलोच्या पोराला १५० मिलिग्रॅम द्यायचं तर ड्रॉप्स दीड मिली, साधं सिरप ६ मिली, डबलवालं ३ मिली. आई फोनवर विचारते, "दादा, किती देऊ?" मी आधी म्हणतो, ताई, बाटली हातात घ्या आणि वाचून दाखवा. ड्रॉप्सची बाटली आणि सिरपचं माप अशी जोडी जमली की चौपट डोस जातो.

इंटर्न ताईंना एक सांगतो: सरकारचं फार्मा सही दाम म्हणून ॲप आहे, किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या एनपीपीएचं. ब्रँड टाकला की आतले घटक आणि किंमत दिसते. सगळे ब्रँड नाहीत त्यात, पण निदान माल खपवायला बसलेलं नाही.

यॉर्कशायरी_पिठलं

इंग्लंडमध्ये आठ वर्षं झाली, मूळ सोलापूर. इथलं एक सांगितलं तर "आमच्याकडे इंग्लंडात" म्हणून टोमणे बसतील, पण सांगतेच.

इथे बीएनएफ नावाचं औषधांचं पुस्तक आहे, १९४९ पासूनचं. वॉर्डात, दवाखान्यात, मोबाइलवर, सगळीकडे तेच एक. मला मोठा धक्का बसला तो परीक्षेचा. एमबीबीएस संपताना औषध लिहिण्याची वेगळी परीक्षा असते आणि तिला बीएनएफ उघडून बसायची मुभा आहे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं ही काय परीक्षा, सरळ कॉपी! पण सोडवायला बसलं की कळतं. वेळ कमी, पेशंटची किडनी अर्धी गेलेली, सात औषधं चालू, त्यातलं कुठलं थांबवायचं? पुस्तक हातात असून घाम फुटतो. तिथे बघायचं कुठे आणि काय, याचीच परीक्षा असते.

आणि इथे प्रोफेसर राउंडवर सगळ्यांसमोर मोबाइल काढून डोस बघतात. आपल्याकडे मी इंटर्न असताना खिशातली छोटी डायरी टॉयलेटमध्ये जाऊन उघडायचे. पेशंटसमोर बघितलं तर "डॉक्टरला येत नाही" असं व्हायचं ना.

खल_बत्ता

हे टॉयलेटचं अगदी खरं.

आपल्याकडेही तसं पुस्तक आहे हे मुलांना माहीत नसतं. नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया. पहिली आवृत्ती १९६०, तिसरी १९७९, आणि चौथी यायला तीस वर्षांच्या वर लागली. तीस वर्षं! मधल्या काळात डॉक्टरांच्या टेबलावर कंपन्यांच्या जाहिरातींवर छापलेल्या ब्रँड-सूच्या येऊन बसल्या आणि त्यांनाच लोक संदर्भ म्हणायला लागले. मोकळी खुर्ची कुणीतरी भरणारच. आता सहावी आवृत्ती आहे, २०२१ ची. आमच्या ग्रंथालयातली प्रत मी मागितली तेव्हा तिचं प्लास्टिक मी फाडलं.

पण पिठलंताई, तुमचं बीएनएफ आमच्या मुलांना पुरत नाही. त्यात आपली मिश्रणं कुठे? आपल्याकडे एका गोळीत तीन-तीन, चार-चार औषधं. मार्च २०१६ मध्ये सरकारने एका फटक्यात ३४४ मिश्रणांवर बंदी घातली, ती कोर्टात अडकली, मग २०१८ मध्ये ३२८ वर, ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ वर. मुलाच्या हातातलं पुस्तक मागच्या आवृत्तीचं, सीनियरच्या नोट्स त्याच्याही आधीच्या. निमेसुलाइडवर बारा वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ मध्ये बंदी आली, आणि त्यानंतर कित्येक वर्षांनी एका विद्यार्थ्याच्या वहीत मी तापासाठी तेच सिरप, वजनानुसार डोससकट, सुवाच्य अक्षरात वाचलंय.

नाइट_ड्युटी_९ते९

बीएचएमएस म्हणजे होमिओपॅथीवाला, सीसीएमपी (होमिओपॅथना ॲलोपॅथीची औषधं लिहिता यावीत म्हणून असलेला कोर्स) केलंय. आता शिव्या घाला.

माझं खरं उत्तर असं आहे. कोर्सला बसायच्या आधी पाच वर्षं मी खासगी हॉस्पिटलांत रात्रीचा आरएमओ (निवासी डॉक्टर) होतो. औषधं मी शिकलो फोनवर. रात्री दोनला कन्सल्टंटला उठवायचं, ते झोपेत दोन नावं सांगायचे, मी सिस्टरकडे बघायचो, ती मान हलवायची किंवा हलवायची नाही. तिची मान हलली नाही की मी पुन्हा फोन लावायचो, "सर, डोस परत सांगता का?" आमच्या सिस्टरच्या मानेने किती पेशंट वाचलेत याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

नंतर कोर्सला फार्माकॉलॉजीचं पुस्तक उघडलं तेव्हा ओळखीच्या गावाचा नकाशा पहिल्यांदा बघतोय असं वाटलं. गल्ल्या सगळ्या माहीत, उत्तर दिशा कुठली ते माहीत नव्हतं.

देशमुखी_थाट

म्हणजे पाच वर्षं पेशंटवर प्रयोग चालले होते असं कबूल करताय तर. २०१४ ला कायदा बदलला तेव्हाच आम्ही म्हणत होतो...

संपादक

सीसीएमपी हवं की नको यावर इथे आधीच दोन धागे आहेत, दोन्हींचं काश्मीर झालेलं आहे. त्या विषयावरचे पुढचे सात प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

खिडकीशेजारी

मी वैद्यकीय नाही, बँकेत आहे. पण धागा वाचून उठलो आणि घरातला औषधांचा डबा काढला. वडिलांना सर्दी-ताप आणि गुडघेदुखी. तीन वेगवेगळ्या पट्ट्या उलट्या करून बघितल्या. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल, गुडघ्याच्या गोळीत पण पॅरासिटामॉल! तिन्ही चालू. बाबा म्हणाले, "अरे तिन्हीचे रंग वेगळे आहेत."

काउंटरमागचा

दादा, मोठ्या माणसाला दिवसात ४ ग्रॅमच्या वर नाही, आणि म्हातारं माणूस, वजन कमी किंवा दारू असली तर त्याहून खाली. तिन्हीतले आकडे मांडून बेरीज करा आणि उद्याच डॉक्टरांना पट्ट्या दाखवा. चिठ्ठी नको, पट्ट्याच न्या.

मिरज_पॅसेंजर

सरांचा गृहपाठ मी पण केला, होस्टेलच्या खोलीत. आठ पट्ट्या निघाल्या, चॅटबॉटची दोन उत्तरं चुकली. आणि आम्ही चौघं पण बसलो होतो ओळखायला, आमची पाच चुकली.

ट्रॉलीवाली_सिस्टर

या धाग्यामुळे आज मी आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात जाऊन ट्रॉलीचा तक्ता काढला. मुलींना एकेक ओळ वाटून दिली, प्रत्येकीने औषधाच्या खोक्यातला कागद उघडून ताडायचा. तो कागद उघडायला टेबल लागतं आणि वाचायला भिंग, हे खरं आहे. पण एका ओळीत पातळ करायचं प्रमाण निराळं निघालं. नवा तक्ता केलाय. खाली तारीख घातली आणि लिहिणाऱ्या मुलीची सही घेतली. ती घाबरली, म्हणाली, "बाई, माझं नाव कशाला?" म्हटलं, चुकलं तर विचारायला कुणीतरी पाहिजे ना.

चुरगळलेला_ॲप्रन

मंडळी, अपडेट. आज मंगळवार, आजी आल्या. साखर १६०, चेहरा टवटवीत, माझ्यासाठी पिशवीतून शेवग्याच्या शेंगा.

मी या वेळी हुशार झाले होते. मोबाइल खिशातच ठेवला, सगळ्या पट्ट्या टेबलावर उलट्या मांडल्या आणि वाचत गेले. ॲम्लोडिपिन. ॲटोर्व्हास्टॅटिन. मधुमेहाची एकच, शाब्बास. कॅल्शियम. मग शेवटी एक तुकडा निघाला. दुकानदाराने चारच गोळ्या कापून दिलेल्या, आणि कापताना नाव, घटक, एक्स्पायरी, सगळं त्याच्याकडच्या तुकड्यावर राहिलं. मोठ्या ब्रँडवर आता क्यूआर कोड असतो म्हणून तोही शोधला. कोडचा एक कोपरा आलाय, नखाएवढा. फॉइलवर शेवटची दोन अक्षरं फक्त: "-डी".

आजी म्हणतात, "ती झोपताना घ्यायची, पांढरी." कशासाठी? "डॉक्टर म्हणले घ्या."

गोळी पांढरी, गोल, मधे रेघ. अण्णांनी पण हात टेकले. काउंटरमागचे, तुम्हाला काही सुचतंय का?

काउंटरमागचा

पांढरी, गोल, मधे रेघ अशा माझ्या एका फळीवर शंभर निघतील. ओळखायच्या भानगडीत पडू नका ताई. तो तुकडा बाजूला ठेवा आणि आजींना विचारा, दुकान कुठलं? बाजारातलंच असणार. आत्ता लावा फोन, दुपारी दोन ते चार बंद असतं.

चुरगळलेला_ॲप्रन

आजी म्हणतात स्टँडसमोरचं, हिरव्या पाटीचं. अण्णांकडे नंबर आहे. रिंग जातेय.